ट्यूबवरचा टक्का आणि स्टेरॉइडचा खरा जोर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत मोंढ्याजवळ आमचं मेडिकल आहे. शेवटच्या थेंबापर्यंत पिळून काढलेली स्टेरॉइडची, म्हणजे खाज-लाली-सूज दाबणाऱ्या मलमाची, ट्यूब काउंटरवर ठेवून रोज कुणी ना कुणी म्हणतं, "हीच द्या, नाहीतर हिच्यापेक्षा पॉवरची द्या." ही पॉवर म्हणजे नेमकं काय, ती कुणी आणि कशावर मोजली, यावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. तुमच्या कातडीला नेमकं काय झालंय ते त्वचारोगतज्ज्ञांनी बघूनच ठरतं. ते काउंटरवर उभं राहून ठरत नाही आणि हे वाचूनही ठरणार नाही.

एका ट्यूबवर ०.०५ टक्के लिहिलंय, दुसरीवर १ टक्का. म्हणजे पहिली सौम्य ना?

उलट आहे. ०.०५ टक्के क्लोबेटासॉल प्रोपिओनेट हे कातडीवर लावायच्या सगळ्यात जोरदार स्टेरॉइडांपैकी एक, आणि १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन सगळ्यात सौम्य गटातलं. टक्का फक्त वजन सांगतो. १५ ग्रॅमच्या ट्यूबमध्ये ०.०५ टक्क्याने साडेसात मिलिग्रॅम औषध असतं आणि १ टक्क्याने १५० मिलिग्रॅम. औषध वीसपट कमी, तरी पाठ्यपुस्तकं क्लोबेटासॉलचा जोर हायड्रोकॉर्टिसोनच्या ६०० पटींपर्यंत सांगतात.

ढोबळी मिरची किलोभर घातली तरी भाजी तिखट होत नाही, लवंगी मिरच्या चारच पुरतात. "किती ग्रॅम मिरची घातली" यावरून तिखटपणा कळत नाही, तसंच हे आहे. टक्क्यांची तुलना एकाच औषधाच्या, एकाच प्रकारच्या दोन ट्यूबांमध्ये करा. दोन वेगळ्या औषधांत ती करू नका.

मग जोर मोजतात तरी कसा?

कातडी किती पांढरी पडते, त्यावरून. ऐकणाऱ्याला आधी हे खोटं वाटतं.

१९५२ मध्ये सल्झबर्गर आणि विटन या अमेरिकी डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोन इसबावर लावलं तर गुण येतो हे दाखवलं. तेव्हा त्याला 'कंपाउंड एफ' म्हणत. पुढच्या काही वर्षांत रसायनशास्त्रज्ञांनी त्या रेणूत इथे फ्लोरीन जोड, तिथे एक शेपूट लाव असं करत नवनवी औषधं काढली. आता यातलं भारी कोणतं? प्रत्येकाची रुग्णांवर तुलना करायची तर महिने जाणार. त्यात एकाचं इसब दुसऱ्यासारखं नसतं.

१९६२ मध्ये मॅकेंझी आणि स्टॉटन यांनी यावर सोपी युक्ती काढली. स्टेरॉइड लावलेल्या जागी काही तासांनी कातडी फिकट पडते, हे माहीत होतं. त्यांनी स्टेरॉइड अल्कोहोलमध्ये विरघळवलं आणि पातळ, आणखी पातळ असं करत द्रावणांची रांगच तयार केली. ती निरोगी माणसांच्या हाताच्या आतल्या बाजूला, छोट्या छोट्या जागी लावली. वरून प्लॅस्टिकचं आवरण घातलं, रात्रभर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं: कोणत्या जागा फिकट पडल्या, कोणत्या नाही? समजा एक औषध हजारात एक भाग असेल तरच कातडी फिकट करतं आणि दुसरं लाखात एक भाग असलं तरी करतं, तर दुसऱ्याचा जोर शंभरपट. हिशोब इतका सरळ.

यात रुग्ण लागत नाही, रोग लागत नाही, लागतो फक्त हात. १९६४ मध्ये याच पद्धतीने बीटामेथासोनच्या वेगवेगळ्या रूपांची तुलना झाली आणि त्यात व्हॅलरेट हे रूप पुढे आलं. आज गावोगावी मिळणाऱ्या कितीतरी ट्यूबांमध्ये तेच आहे.

तुम्ही स्वतः हे कधी पाहिलंय का?

पाहिलंय, आणि ज्या प्रकारे पाहिलं तसं कुणी करू नये. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला हॉस्टेलवर आम्ही तिघांनी एकमेकांच्या हातावर बॉलपेनने तीन तीन चौकोन काढले. एकात हायड्रोकॉर्टिसोन, एकात क्लोबेटासॉल आणि एकात नुसतं व्हॅसलीन. वरून पोह्यांची पिशवी कापून चिकटवली. सकाळी पट्ट्या काढल्या तर आमच्यातल्या गोऱ्या मित्राच्या हातावर क्लोबेटासॉलचा चौकोन चुना लावल्यासारखा उठून दिसत होता. हायड्रोकॉर्टिसोनचा आहे-नाही म्हणावा इतका, आणि व्हॅसलीनचा दिसतच नव्हता. माझा हात सावळा. मला माझा चौकोन दिसायला हात खिडकीशी तिरका धरावा लागला. तिसरा मित्र दुपारच्या एसटीने गावी गेला, तर त्याच्या आईने तो डाग पाहून कोड फुटलं म्हणून डोळ्यांना पदर लावला. दुसऱ्या दिवशी डाग नाहीसा झाला. पण त्याच्या आईचा विश्वास बसायला आठवडा गेला.

कातडी पांढरी का पडते? आणि त्याचा रोग बरा होण्याशी काय संबंध?

कातडीच्या वरच्या थरातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. रक्त कमी आलं की लाली जाते आणि जागा फिकट दिसते. हे लगेच होत नाही. औषधाला आधी कातडीचा वरचा कोरडा, मेलेल्या पेशींचा थर ओलांडावा लागतो. मग पेशीत शिरून तिथल्या ग्राहीला, म्हणजे औषध पकडणाऱ्या रेणूला, चिकटावं लागतं, आणि त्यानंतर पेशीचं कामकाज बदलतं. म्हणून फिकटपणा तासांनी येतो आणि साधारण एका दिवसात ओसरतो.

म्हणजे या एका पांढऱ्या ठिपक्यात दोन गोष्टींची परीक्षा एकदम होते: औषध आत किती शिरलं, आणि आत गेल्यावर त्याने किती काम केलं. मॅकेंझी-स्टॉटन यांच्या लेखाचं शीर्षकच मुळी स्टेरॉइडच्या शोषणाची तुलना करण्याबद्दल होतं. ज्या औषधाने जागा जास्त फिकट होते, ते इसब आणि सोरायसिसमध्येही बहुतेक वेळा जास्त जोराने काम करतं, असं पुढे दिसत गेलं. 'बहुतेक वेळा' या शब्दांकडे लक्ष ठेवा, त्यावर पुढे येतोच.

पांढरं पडतं म्हणजे माणूस गोरा होतो का?

नाही. रक्त तात्पुरतं ओसरतं, एवढंच. रंगद्रव्याचा त्यात काही संबंध नाही.

पण हा प्रश्न विचारणाऱ्या पोरींना मी हसत नाही, कारण 'गोरं होण्याची ट्यूब' म्हणून जे विकलं जातं त्यात बहुतेकदा तीन औषधं असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखं एखादं स्टेरॉइड. १९७५ मध्ये क्लिगमन यांनी वांगासारख्या काळ्या डागांवर असं तिहेरी मिश्रण सुचवलं होतं, डॉक्टरांच्या नजरेखाली, ठरावीक काळापुरतं. आमच्याकडे ते लग्न ठरलेल्या मुली महिनोन् महिने लावतात. पहिले पंधरा दिवस चेहरा उजळ वाटतो. नंतर उन्हात गेलं की आग होते, गालावर बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुम आणि लव येते. ट्यूब बंद केली तर चेहरा लालबुंद होतो, म्हणून परत लावतात. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी २००८ च्या सुमारास याला स्वतंत्र नावच देऊन टाकलं, टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस.

अजूनही डोळ्यांनीच बघून मोजतात का?

डोळ्यांनीही आणि यंत्रानेही. डोळ्यांनी शून्य ते तीन किंवा चार असे गुण देतात. पण परीक्षक बदलला की गुण बदलतात. म्हणून क्रोमामीटर नावाचं उपकरण आलं. ते कातडीवर टेकवलं की रंगाचे तीन आकडे देतं, त्यातला लाल-हिरव्याचा आकडा इथे कामाचा. जागा फिकट पडली की तो खाली येतो.

अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, १९९५ मध्ये या चाचणीची रीतसर पद्धत लिहून दिली. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. मलमाचा डोस कमी-जास्त करायचा कसा? पातळ केलं तर ते मलमच राहत नाही. म्हणून मलम तेच ठेवून वेळ बदलतात: एका जागी पाव तास, दुसऱ्या जागी अर्धा तास, असं करत सहा तासांपर्यंत. वेळ झाली की पुसून टाकायचं आणि पुढचे चोवीस तास ठरावीक अंतराने रंग मोजत राहायचा. शेजारी काहीच न लावलेली जागाही मोजतात, कारण दिवसभरात हाताचा रंग आपोआपही थोडा बदलतो. आलेले आकडे मांडून एक वक्र काढतात आणि त्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे एकूण परिणाम. मनगटाजवळच्या आणि कोपराच्या घडीजवळच्या जागा वगळतात, तिथली कातडी वेगळी वागते.

ही चाचणी आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर चालते का?

माझा हात खिडकीशी तिरका धरावा लागला होता, त्यात उत्तर आलंच. मेलॅनिन, म्हणजे कातडीचं रंगद्रव्य, जास्त असलं की खालच्या लालीतला फरक झाकला जातो, म्हणून अशा अभ्यासांत बहुधा उजळ कातडीचेच लोक घेतात. शिवाय काही जणांची कातडी मुळातच फारशी फिकट होत नाही. ज्यांच्यात फरक स्पष्ट दिसतो, अशांचीच आकडेमोड धरतात.

यामुळे औषधांचा क्रम चुकीचा ठरत नाही. क्लोबेटासॉल परभणीतही हायड्रोकॉर्टिसोनपेक्षा जोरदारच आहे. पण आपल्या कातडीवर दोन गोष्टी वेगळ्या दिसतात. एक, सूज असलेली जागा लाल न दिसता काळपट, जांभळट दिसते आणि रोग आहे त्यापेक्षा कमी वाटतो. दोन, जोरदार स्टेरॉइड बरेच दिवस लावलं की खरोखरचा पांढरट डाग पडू शकतो आणि तो एका दिवसात जात नाही. अशा डागाची धास्ती मराठवाड्यात किती असते ते वेगळं सांगायला नको.

जोराच्या पायऱ्या किती? डॉक्टर कधी 'क्लास वन' म्हणतात, कधी 'पोटंट'.

अमेरिकेत सात पायऱ्या. पहिली सगळ्यात जोरदार, सातवी सगळ्यात सौम्य. ब्रिटनमध्ये चारच: सौम्य, मध्यम, जोरदार, अतिजोरदार. युरोपात एक चार पायऱ्यांची पद्धत आहे ती उलटी, तिथे पहिली सौम्य आणि चौथी अतिजोरदार. त्यामुळे इंटरनेटवर 'क्लास वन' वाचलं की कोणत्या देशाचं पान आहे ते आधी बघा, नाहीतर सौम्य समजून सगळ्यात कडक ट्यूब आणाल.

ब्रिटिश पद्धत मला काउंटरवर सोपी पडते. हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का सौम्य. क्लोबेटासोन ब्युटिरेट मध्यम. बीटामेथासोन व्हॅलरेट ०.१ टक्का आणि मोमेटासोन ०.१ टक्का जोरदार. क्लोबेटासॉल ०.०५ टक्का अतिजोरदार. मध्यम म्हणजे हायड्रोकॉर्टिसोनच्या २ ते २५ पट, जोरदार म्हणजे १०० ते १५० पट, असे ढोबळ आकडे सांगतात. क्लोबेटासोन आणि क्लोबेटासॉल या नावांत मात्र फार सांभाळा. शेवटच्या एका अक्षराने दोन पायऱ्यांचा फरक पडतो, आणि घाईत लिहिलेल्या चिठ्ठीवर ते अक्षर बहुतेक वेळा वाचताच येत नाही. मी अशा वेळी दवाखान्यात फोन लावतो. गिऱ्हाईक चिडतं, चिडू दे.

तेच औषध, तोच टक्का. मग ऑइंटमेंट आणि क्रीममध्ये फरक काय?

मोठा आहे. मोमेटासोन ०.१ टक्का ऑइंटमेंट अमेरिकी यादीत दुसऱ्या पायरीवर आणि त्याचंच क्रीम चौथ्या पायरीवर. बीटामेथासोन व्हॅलरेट ०.१ टक्का ऑइंटमेंट तिसऱ्यावर, क्रीम पाचव्यावर. ऑइंटमेंट तेलकट असतं. कातडीवर त्याचा थर बसतो, घाम-ओलावा अडकतो, वरचा कोरडा थर मऊ होतो आणि औषध आत जास्त शिरतं. जाड, भेगाळलेल्या, सुक्या जागी ऑइंटमेंट बरं पडतं. ओलसर, पाणी सुटणाऱ्या जागी क्रीम, आणि डोक्यात केसांमधून लावायचं तर लोशन.

मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये, पारा ४२-४३ ला टेकलेला असताना, तेलकट ऑइंटमेंट लावून शेतात जायला कुणी तयार होत नाही. चिकटतं, धूळ बसते. मग लोक स्वतःच्या मनाने क्रीम नेतात आणि "डॉक्टरचं औषध लागू पडलं नाही" म्हणतात.

त्याच जागेवर प्लॅस्टिक किंवा घट्ट पट्टी बांधली तर जोर आणखी वाढतो. लहान बाळाचा डायपरही या बाबतीत पट्टीच.

औषधाच्या नावापुढे 'व्हॅलरेट', 'डायप्रोपिओनेट' असतं, ते काय?

ते रेणूचं शेपूट. त्याने रेणू तेलात विरघळणारा होतो आणि कातडीतून सहज आत जातो. नुसतं बीटामेथासोन कातडीवर फिकं पडतं, व्हॅलरेट झालं की जोरदार होतं. म्हणून 'बीटामेथासोनची ट्यूब' एवढ्यावर थांबू नका, पूर्ण नाव वाचा.

जेनेरिक ट्यूबचा जोर ब्रँडेड इतकाच असतो का?

असायला हवा, आणि ही पांढरं पडण्याची चाचणी आज मुख्यतः त्यासाठीच वापरतात. गोळीच्या बाबतीत रक्तातलं औषध मोजून दोन कंपन्यांची तुलना होते. मलमातलं औषध रक्तात उतरतं ते इतकं थोडं, की तो मार्ग इथे चालत नाही. म्हणून पुन्हा हात आणि पुन्हा तोच फिकटपणा. १९८० च्या दशकात अमेरिकेत अशी तुलना झाली तेव्हा काही जेनेरिक ट्यूबा मूळ ट्यूबेपेक्षा कमी जोराच्या निघाल्या होत्या. औषध तेवढंच होतं, फरक सगळा आधारात, म्हणजे ज्या मलमात ते मिसळलं त्यात होता. स्वस्त ट्यूब वाईट असं मी म्हणत नाही, घरीही तीच वापरतो. मात्र ट्यूब बदलल्यावर गुण कमी वाटला तर डॉक्टरांना ते सांगा. स्वतःच्या मनाने दोनदाच्या ऐवजी चारदा लावू नका.

हाताला चालते ती ट्यूब जांघेत किंवा चेहऱ्याला का चालत नाही?

कारण सगळे आकडे हाताच्या आतल्या बाजूवर मोजलेले आहेत, आणि अंगावरची सगळी कातडी तशी नसते. १९६७ मध्ये फेल्डमन आणि मायबाख यांनी हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या वेगवेगळ्या जागी लावून किती शोषलं जातं ते मोजलं. हाताच्या आतल्या बाजूला १ धरलं, तर तळपायाला ०.१४, तळहाताला ०.८३, पाठीला १.७, डोक्याला ३.५, काखेत ३.६, कपाळाला ६, जबड्याच्या कोपऱ्याशी १३ आणि अंडकोषाच्या कातडीला ४२.

हे आकडे मी एका पुठ्ठ्यावर लिहून काउंटरमागे लावलेत. जांघेला खाज येते म्हणून जो माणूस पायाच्या भेगांची ट्यूब तिथे लावतो, त्याच्या हातात ट्यूब तीच असते, पण ती अंडकोषाला लागली तर तिथल्या कातडीला औषध तळपायाच्या शेकडोपटींनी जास्त मिळतं. पापणीची कातडी तर अतिशय पातळ. तिथून औषध डोळ्यात उतरून काचबिंदूपर्यंत वेळ येऊ शकते.

गजकर्णावर ही ट्यूब लावली तर दोन दिवसांत खाज थांबते. मग वाईट काय?

खाज थांबते, गजकर्ण थांबत नाही. खाज आणि लाली म्हणजे बुरशीविरुद्ध शरीराची लढाई. स्टेरॉइड ती लढाई बंद पाडतं आणि बुरशीला रान मोकळं. कडेची लाल गोल रेघ, जिच्यावरून डॉक्टर गजकर्ण ओळखतात, ती पुसट होते आणि आतल्या आत पसरत जातं. १९६८ मध्येच याला 'टिनिया इनकॉग्निटो', म्हणजे वेषांतर केलेलं गजकर्ण, असं नाव मिळालं. त्यात आता आपल्या भागात पसरलेली बुरशीही चिवट आहे. २०२० मध्ये तिला 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असं वेगळं नाव मिळालं आणि टर्बिनाफिन या बुरशीच्या नेहमीच्या औषधाला ती पुष्कळदा दाद देत नाही.

दुकान नवीन होतं तेव्हाची माझी चूक सांगतो. दिवाळीनंतर एक मुकादम टोळी घेऊन फडावर निघाला होता. सहा महिने ऊसतोड, घामाने ओले कपडे, पालात अंघोळीला पाणी बेताचंच. म्हणाला, "सगळ्यांना जांघेत खाज आहे, दहा ट्यूबा द्या." मी चिठ्ठी न विचारता दिल्या. एकाच ट्यूबेत क्लोबेटासॉल, बुरशीचं औषध आणि दोन जंतुनाशकं, चारही एकत्र. गुढीपाडव्याला तो परत आला, मलाच दाखवायला. कंबरेपासून गुडघ्यापर्यंत गजकर्ण आणि दोन्ही जांघांत बोटाएवढ्या जाड, जांभळ्या, खोल रेघा. कातडी आतून फाटली की उमटतात त्या. गजकर्ण पुढे चार-पाच महिन्यांनी गेलं. रेघा तशाच राहिल्या. तो अजूनही दुकानात येतो, भाऊ म्हणतो, रागवत नाही. त्याचंच मला जास्त लागतं.

गाजरगवताच्या ॲलर्जीला मात्र डॉक्टर कडक ट्यूब देतात. असं का?

कारण तिथे गरज असते. गाजरगवत, म्हणजे काँग्रेस गवत, १९५० च्या दशकात भारतात आलं आणि आता बांधापासून एसटी स्टँडपर्यंत सगळीकडे उगवतं. त्याचे कण हवेतून उडून उघड्या अंगावर बसतात. शेतकऱ्याच्या पापण्या, कानामागची जागा, मान, कोपराची घडी, सगळीकडची कातडी जाड होऊन खाजते, आणि पावसाळ्यात त्रास वाढतो. ही बुरशी नव्हे, खरी ॲलर्जी आहे, आणि ती दाबायला जोरदार स्टेरॉइड थोडे दिवस लागतं. सौम्य ट्यूब दोन महिने चोळण्यापेक्षा योग्य जोराची ट्यूब आठ-दहा दिवस लावणं पुष्कळदा बरं. मानेला वेगळी आणि पापणीला वेगळी ट्यूब दिली असेल तर त्या आपापल्या जागीच लावा. बिब्ब्याने भाजून फोड आलेल्यांचंही थोडंफार असंच. तिथे तर घरी काहीही लावण्याआधी दवाखाना गाठा.

स्टेरॉइड म्हटलं की घाबरून डॉक्टरांनी दिलेली ट्यूब कपाटात ठेवणारेही मला भेटतात. तेही चूकच.

किती लावायचं? डॉक्टर 'पातळ थर' म्हणतात, पण पातळ म्हणजे किती?

तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून निघालेली रेघ. नेहमीच्या तोंडाच्या ट्यूबेतून ती मोठ्या माणसाच्या बोटावर साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसकट दोन तळव्यांइतक्या जागेला पुरते. याला 'फिंगरटिप युनिट' म्हणतात, १९९१ मध्ये लाँग आणि फिनले यांनी ते मांडलं. एका हाताच्या पंजाला १, चेहरा-मानेला अडीच, पाऊल सोडून एका पायाला ६. पायाचा हिशोब करून बघा: ६ युनिट म्हणजे ३ ग्रॅम, दोन्ही पायांना ६ ग्रॅम. १५ ग्रॅमची ट्यूब अडीच वेळात संपते. एकाच ट्यूबमध्ये महिना काढणारी माणसं म्हणूनच म्हणतात, गुण येत नाही.

क्लोबेटासॉलला वेगळी मर्यादा आहे: आठवड्याला ५० ग्रॅमच्या वर नाही आणि सलग दोन आठवड्यांच्या वर नाही. लहान मुलांचं गणित आणखी वेगळं, वजनाच्या मानाने त्यांची कातडी जास्त. ते डॉक्टरांनीच ठरवावं.

पहिल्यांदा छान गुण आला, आता लागू पडत नाही. कातडीला सवय झाली का?

पांढरं पडण्याच्या चाचणीत तरी होते. १९७५ मध्ये असं दिसलं, की त्याच जागी दिवसातून अनेक वेळा स्टेरॉइड लावत राहिलं तर काही दिवसांतच फिकटपणा कमी होत जातो, आणि मध्ये खंड दिला की परत येतो. खऱ्या रोगात हे नेमकं किती घडतं यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. माझ्या अनुभवात 'सवय झाली' म्हणणाऱ्या दहातल्या बऱ्याच जणांचं एकतर लावायचंच राहिलेलं असतं, नाहीतर मुळात ते गजकर्ण निघतं.

या चाचणीने काय कळत नाही?

कातडी किती पातळ होईल, ते. एक औषध फिकट तेवढंच करतं पण कातडी कमी झिजवतं, असं होऊ शकतं. ते मोजायला आठवडे औषध लावून सोनोग्राफीने कातडीची जाडी बघावी लागते. औषध रक्तात उतरून शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बंद पाडतंय का, तेही कळत नाही. त्यासाठी सकाळच्या रक्तातलं कॉर्टिसोल तपासतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, चाचणी निरोगी कातडीवर होते. भेगाळलेल्या, ओरबाडलेल्या कातडीतून औषध किती तरी जास्त आत जातं.

ट्यूबवर पायरी लिहिलेली असते का? चिठ्ठीशिवाय मिळते का?

पायरी लिहिलेली नसते. आमच्यासारख्यांची ही जुनी तक्रार आहे. नाव, टक्का, क्रीम की ऑइंटमेंट, एवढ्यावरून पायरी ओळखावी लागते, आणि ते गिऱ्हाइकाला कसं जमावं? चिठ्ठीचं म्हणाल तर २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइडांची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. प्रत्यक्षात काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही.

बरेच महिने लावलेली ट्यूब आजच बंद करू का?

चेहऱ्याला किंवा मोठ्या भागाला लावत असाल तर एकदम बंद करू नका. आग, लाली उसळते आणि माणूस घाबरून आणखी कडक ट्यूब घेतो. हळूहळू कमी कशी करायची आणि मध्ये काय लावायचं, ते त्वचारोगतज्ज्ञ ठरवतील. सरकारी दवाखान्यांच्या त्वचारोग ओपीडीत, संभाजीनगरच्या घाटीत असो की नांदेड, लातूर, अंबाजोगाईला, असे रुग्ण रोजचेच. तिथे कुणी तुम्हाला नवल म्हणून बघणार नाही.

ट्यूब कुठे ठेवायची?

पत्र्याच्या खोलीत खिडकीत नको. उन्हाळ्यात ऑइंटमेंट वितळून तेल वेगळं होतं आणि मग प्रत्येक वेळी औषध कमी-जास्त निघतं. माठाजवळचा गार कोपरा बरा.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यावं?

आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्याही. "पांढरी-निळी होती, छोटी होती" यावरून काहीच कळत नाही. शेवटपर्यंत गुंडाळलेली ट्यूब तशीच न नेता टेबलाच्या कडेवर घासून उलगडा, म्हणजे औषधाचं पूर्ण नाव, शेपटासकट, आणि टक्का वाचता येतो. गजकर्णाची शंका असेल तर जाण्याआधी काही दिवस ट्यूब थांबवायची का, हे फोनवर विचारून घ्या. डॉक्टर कडेची कातडी खरवडून काचपट्टीवर बुरशी शोधतात, आणि वर मलमाचा थर असला की ती नीट सापडत नाही.